ताक पिणारा कातळ

काठी कातळाला टेकवू नका, पाव्हणं. आणि ताई, बुटांनी तिथं चढायचं नाही. फोटो काढा हवे तेवढे, त्याला कोण नाही म्हणतंय? पण लांबून. नखसुद्धा लावायचं नाही. मागं एका शहाण्यानं इथं स्वतःचं नाव कोरायला खिशातून चाकू काढला होता. आमच्या बायकांनी त्याला असा काही घेरला, की बूट हातात घेऊन पळाला बिचारा. तुम्ही तसे बरे दिसता. बसा इथं अंजनीच्या झाडाच्या सावलीला. वर वाड्यात आज बारसं आहे, त्यामुळं मलाही घटकाभर इथंच थांबायचंय.

हां, आता नीट बघा. हा सगळा कातळ काळा, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ. रेघ कसली, चर म्हणा. त्या चरात जे धरलंय ना, ते बघायला माणसं कुठून कुठून येतात. तुमच्या मसाल्यातलं दगडफूल ओढलं की हातात येतं. हिचं तसं नाही. ही दगडाला अशी चिकटलीय, की दगड कुठं संपतो आणि ही कुठं सुरू होते ते सांगता यायचं नाही. आम्ही हिला खपली म्हणतो. खालच्या अंगाला बघा, हिरवट राखाडी. वरच्या अंगाला पिवळसर. आणि मध्ये, जिथं कातळ खोबणीसारखा आत गेलाय, तिथं वीतभर शेंदरी. मध्यंतरी पुण्याहून एक मॅडम भिंग घेऊन आल्या होत्या. दिवसभर या कातळाला नाक लावून बसल्या. म्हणाल्या, आजोबा, ही फार दुर्मीळ आहे हो, वर्षाला नखाएवढीही वाढत नाही, जपा हिला. म्हटलं, बाई, आम्ही तेच करत आलोय. मग गोष्ट ऐकली, दोन तांबे ताक प्यायल्या आणि गेल्या.

आंबूस वास येतोय ना? तो ताकाचाच. हा कातळ ताक पितो. आणि हे डोंगराचं टोक, ज्याला खालच्या पाटीवर ‘हौसाचा टेंबा’ लिहिलंय, त्याचं नावही या ताकापायीच पडलं. सांगतो. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही.

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितली, तेव्हाही ती जुनीच होती म्हणे. या सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळमाथ्यावर, तेव्हाही दोन धनगरवाडे होते. कातळाच्या वर वरचा वाडा, आणि खालच्या सोंडेवर खालचा वाडा. कारवीच्या भिंतींची घरं, घराहून मोठे गोठे, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. दही घुसळायचं, लोणी काढायचं, तूप कढवून खाली कोकणात न्यायचं, यावर सगळ्यांचे संसार. पाण्याला मात्र दोन्ही वाड्यांत मिळून एकच बारमाही झरा. तो हा, कातळाच्या पायथ्याचा.

वरच्या वाड्यात बिरू राहायचा. त्याची थोरली बहीण साळू. बिरू पाळण्यात असतानाच आई गेली, तेव्हा साळू स्वतःच परकरातली पोर. पण तिनं भाऊ वाढवला. त्याला कडेवर घेऊन ती म्हशी राखायची, आणि मांडीवर निजवून रवीची दोरी ओढायची. लग्नाची बोलणी निघाली तेव्हा तिनं बापाला एवढंच सांगितलं म्हणे, ‘मला लांब देऊ नका. बिरूची हाक ऐकू येईल एवढ्यावरच द्या.’ म्हणून तिला दिली खालच्या वाड्यात. रोज सकाळी बिरू या टोकावर उभा राहून ‘आक्का’ म्हणून हाळी द्यायचा आणि साळू खालून ओ द्यायची. काम काही नसायचं. हाक मारायची, ओ घ्यायची, आणि दोघांनी आपापल्या गोठ्याकडं वळायचं.

आता एवढी माया जिथं, तिथंच भांडण पेटलं तर ते विझत नाही. एका साली वळवाचा पाऊस चुकला. गवत जळून गेलं आणि झरा बोटाएवढा झाला. साळूच्या नवऱ्याच्या म्हशी आधी पाण्यावर यायच्या, बिरूच्या म्हशींना मागं चिखल उरायचा. बिरूची एक गाभण म्हैस या झऱ्यावरच पडली, ती उठलीच नाही. झालं. बिरूचं डोकं फिरलं. तो घरी गेला, छिन्नी-हातोडा घेऊन आला, शिडी लावली आणि या कातळावर वरून खाली घाव घालत सुटला. तेव्हा कातळभर जुनी काळी साल होती म्हणे, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिच्याखाली दगड पांढराफटक निघाला, सोललेल्या गुडघ्यासारखा.

‘ही शीव,’ बिरू म्हणाला. ‘रेघेच्या उगवतीचं आमचं, वर जायची वाटसुद्धा. खालच्यांनी इकडं पाय टाकायचा नाही.’

आवाज ऐकून साळू धावत आली होती, ती भांडण सोडवायला. पण ‘खालच्यांनी’ हा शब्द तिच्या कानात पडला आणि ती जागीच थांबली. ज्याला कडेवर वागवला तो तिला ‘खालची’ म्हणत होता. तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुरचुंडी सोडली. तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्यात हळदीचा भंडारा उचलून, जानाईदेवीचं नाव घेऊन माणूस जे बोलतो, ते मागं घेता येत नाही. आण मोडली की म्हशी आटतात. एकट्याच्या नाही, दोन्ही वाड्यांच्या.

‘नाही ओलांडत,’ साळू म्हणाली. ‘दगडाला तू केलेली ही जखम भरून तिच्यावर खपली धरेल, तेव्हाच तुझ्या दारात पाय ठेवीन.’

बिरू हसला. ‘दगडाला कधी खपली धरते होय?’

‘नाही धरत ना? मग नाही येत,’ म्हणाली, आणि भंडारा त्या रेघेवर फेकून निघून गेली.

पुढं आठ-पंधरा दिवसांत पाऊस आला. गवत आलं, झरा फुगला, म्हशी पोटभर प्यायला लागल्या. भांडायला काही कारणच उरलं नाही. भांडण पाण्याबरोबर वाहून गेलं, आण तेवढी मागं राहिली. सकाळी बिरू या टोकावर यायचा, तोंड उघडायचा आणि हाक न मारताच परत जायचा. खाली साळू अंगणात झाडू घेऊन उगाच उभी असायची. दोघंही एकाच हट्टी बापाची, त्यामुळं आधी कुणी बोलायचा प्रश्नच नव्हता.

बिरूच्या बायकोचं नाव म्हाळसा. तिला बरीच वर्षं मूल नव्हतं. नवस झाले, उपास झाले. आणि रेघ मारली त्याच्या पुढच्याच वर्षी तिला मुलगी झाली. वरच्या वाड्यात गूळ वाटला, ढोल वाजला. बारशाचं आवतण खालच्या वाड्यालाही आलं.

आता ताई, तुम्हाला ठाऊक आहे, बारशाला पोराच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. बाकी सगळ्यांनी पाळण्याभोवती बसायचं आणि आत्या ‘कुर्रर्र’ करून वाकली की तिच्या पाठीत धपाटे घालायचे. साळूनं भाचीसाठी कुंची शिवली, नाव ठरवलं, नवं लुगडं नेसली आणि चढण चढून निघाली. इथपर्यंत आली. या रेघेपर्यंत. वर बायका पाळणा म्हणत होत्या ते तिला ऐकू येत होतं. तिनं रेघेकडं बघितलं. पांढरी ती पांढरीच होती. एक पाऊल टाकलं असतं तर कुणी बघितलंही नसतं, पण दोन वाड्यांच्या म्हशी तिच्या त्या पावलाखाली होत्या. दिवस मावळेपर्यंत ती इथं उभी राहिली, तोंडात पदराचा बोळा धरून. मग कुंची एका गुराख्याच्या हाती वर धाडली आणि घरी गेली.

वर बायका म्हणाल्या, चुलत आत्या आहे, मावस आत्या आहे, घ्या उरकून. पण म्हाळसाही काही कमी हट्टी नव्हती. तिनं पाळण्यावर हात आडवा धरला. ‘माझ्या लेकीचं नाव तिची सख्खी आत्याच ठेवील. ती येईल तेव्हा ठेवील. तोवर पोर बिननावाची राहील.’ बिरूनं आदळआपट केली, सासऱ्यानं समजावलं. शेवटी सगळ्यांनी हात टेकले.

आणि खरंच, पोर बिननावाची राहिली. हसताय काय? वाड्यातल्या म्हशींना नावं होती, चंद्री, मोरी, कापशी. कुत्र्याला नाव होतं. आणि हिला ज्याच्या तोंडाला जे येईल ते. ए पोरी. अगं ए. बिरूची ती. लहान होती तोवर तिला त्याचं काही वाटलं नाही. पण पोरं खेळताना एकमेकांना हाका मारत तेव्हा ती मान वर करून बघायची, आणि हाक दुसऱ्याच कुणाला तरी असायची.

इकडं साळूचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्या रागापायी लेकराला नाव नाही, हे तिला अन्न गोड लागू देईना. म्हणून ती काय करायला लागली, ऐका. म्हशीचा खूर फाटला की आम्ही काय करतो? लोण्यात हळद कालवून भरतो. साळूनं तेच केलं. रोज सकाळी यायची आणि या रेघेत, हात पुरेल तिथवर, लोणी-हळद भरायची. तिला वाटलं, जखम ती जखम, मग ती ढोराची असो नाहीतर दगडाची. उन्हानं लोणी वितळून जायचं, उरलेलं मुंग्या न्यायच्या. खालच्या वाड्यातले हसायला लागले. सासू म्हणाली, घरात पोरांच्या भाकरीला लोणी नाही आणि ही दगडाला चोपडतेय. नवरा बिचारा भला होता, त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. पण पावसाळा आला आणि सगळं धुऊन गेलं. रेघ पुन्हा पांढरी. साळूनं कपाळाला हात लावला आणि लोणी भरायचं सोडून दिलं.

रोज कातळाकडं यायचं मात्र सोडलं नाही. घुसळण झाली की ताकाचं मडकं विसळायला तिला झऱ्यावर यावंच लागायचं. मडक्यात पाणी घालायचं, खळखळवायचं आणि ते धुवण कातळाच्या बुडाशी फेकायचं. असं किती दिवस, किती महिने चाललं असेल, तिचं तिलाही भान नव्हतं. एका सकाळी धुवण फेकता फेकता तिचा हात थांबला. रेघेच्या अगदी खालच्या टोकाला, जिथं रोज तिचं ताक पडायचं तिथं, एक ठिपका दिसला. हिरवट राखाडी, तांदळाएवढा. तिनं पदरानं पुसला, पुसला जाईना. नखानं टोकरायला गेली आणि चटकन हात मागं घेतला. खपली होती ती!

असं सांगतात की साळू त्या दिवशी घरी गेली ती नाचतच गेली. सासूच्या गळ्यात पडली. सासूला वाटलं, आता ही पुरती कामातून गेली.

त्या दिवसापासून धुवण बंद. रोज पहिल्या ताकाचा एक डाव या कातळाला, मग घरच्यांना. चुळकाभर ताक हातात घ्यायचं, रेघेत जिरवायचं, पुन्हा घ्यायचं. खपली चढायला लागली, पण कशी? मुंगीच्या पावलानं. साळूच्या पोरांना दाढीमिशा फुटल्या, तिचे केस पिकायला लागले, तेव्हा कुठं खपली तिच्या कमरेपर्यंत आली होती. पण तिची काही तक्रार नव्हती. वाढतेय ना? मग झालं.

बिननावाची ती पोर आता म्हशी घेऊन सड्यावर यायला लागली होती. एक दिवस ती या कातळाच्या माथ्यावर येऊन बसली आणि खाली बघते तर एक बाई दगडाला ताक पाजतेय. आपली आत्या ही, हे तिला ठाऊक होतं. लांबून दाखवली होती म्हाळसानं. पोर बराच वेळ बघत राहिली. मग वरूनच म्हणाली, ‘आत्या, इथं कुठं दार आहे? इथंच सांग की माझ्या कानात. मी येते खाली.’

साळूनं वर बघितलं. भाचीला ती पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होती. नाक बिरूचं, बोलणं म्हाळसाचं. तिच्या ओठांवर नाव आलं होतं म्हणे. पण तिनं ते गिळलं. ‘नाही गं बाय. तुझं नाव काय चोरीचं आहे, रानात कानात सांगायला? तुझ्या बापाच्या घरात, चार बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातल्यावरच ते बाहेर येईल.’

‘आणि ही नाहीच भरली तर?’

‘भरतेय. बघ की.’

पोरीनं बघितलं आणि ती म्हशी वळवून घरी गेली. पण दुसऱ्या दिवसापासून ती घरून ताकाचा तांब्या आणायला लागली आणि कातळाच्या माथ्यावरून रेघेत सोडायला लागली. हळूहळू वरच्या टोकालाही खपली धरली. साळूची राखाडी, हिची मात्र पिवळसर. खालून आत्या, वरून भाची. सकाळी दोघी आपापल्या टोकाला बसायच्या, आणि साऱ्या रानातल्या गप्पा व्हायच्या. नावाचा विषय तेवढा कुणी काढायचं नाही.

पण मध्ये ही खोबण आहे ना, ती दोघींच्याही हातांना चकवायची. खालून साळूचा हात पुरत नव्हता. वरून पोरीनं सोडलेलं ताक खोबणीच्या बाहेरच टपटप गळून जायचं. वर खपली, खाली खपली, आणि मध्ये चार बोटं पांढरी रेघ तशीच.

त्यातच पोरीला स्थळ आलं. पलीकडच्या डोंगरातलं, चांगल्या घरचं. मुलाला पोरगी पसंत होती. पण मुलाची आई म्हणाली, ‘लग्नात माझ्या लेकानं नाव कुणाचं घ्यायचं? ए पोरी म्हणायचं का? आधी नाव ठेवा, मग तांदूळ टाकू.’ तिचं तरी काय चुकलं? त्या रात्री पोरगी जेवली नाही म्हणे. आईला म्हणाली, ‘नसू दे लग्न. पण मेल्यावर तरी रडताना काय म्हणून रडाल गं मला?’

ते ऐकून बिरूच्या काळजाचं पाणी झालं. आणि घाईला आलेला बाप्या काय करतो? नको ते करतो. बिरूनं पलीकडच्या खडकावरची काळी साल खुरप्यानं खरवडून काढली, नाचणीची घट्ट खळ शिजवली, शिडी लावली, आणि त्या चार बोटांच्या जागेत ती साल चिकटवून टाकली! तसा हाताचा कसबी होता तो. लांबून कुणाला कळलंही नसतं. मग दोन्ही वाड्यांतल्या जाणत्यांना बोलावलं. ‘बघा,’ म्हणाला, ‘भरली जखम. आता आक्काला म्हणावं, ये.’

साळू आली. नवं लुगडं नेसून आली. भाची वर माथ्यावर उभी. सगळे माना वर करून बघताहेत, जाणते मान डोलावताहेत, तोवर ऊन कातळावर आलं. खळ तापली, सुकली, आणि तडतड करून सगळं ढलपं सुटलं. नुसतं तेवढंच पडतं तर बरं होतं. वरची आणि खालची खरी खपलीही कडेनं ओढून घेऊन खाली आलं. चार बोटांची जागा वीतभर झाली.

जाणत्यांनी माना खाली घातल्या. शेवटी साळूच बोलली. इतक्या वर्षांत भावाशी पहिल्यांदा. आवाज चढवला नाही तिनं.

‘बिरू, अरे, तू पडायचास, गुडघा फोडून घ्यायचास आणि खपली ओढून काढायचास. किती सांगायची मी तुला, ओढू नको रे, आपोआप पडू दे. अजून तसाच राहिलास.’

आणि एवढा मोठा बाप्या, डोक्याला मुंडासं, घरात लग्नाची लेक, तो शिडीच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला. ‘आक्का, छिन्नी मी मारली,’ म्हणाला, ‘आणि भरायला तुला बसवलं. दगडाला मी एक दिवस हात लावला नाही.’

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बिरू शिडीवर होता. हातात ताकाचा तांब्या आणि त्यात जानाईचा भंडारा कालवलेला. ज्या हातानं घाव घातले त्याच हातानं तो वीतभर जागेत ताक जिरवत होता, म्हशीच्या आचळाला लावावा इतक्या हलक्या हातानं. रोज. पाऊस लागला, शिडी निसरडी झाली, धुक्यात स्वतःचा हात दिसेना, तरी रोज. खाली आक्का, वर लेक, मध्ये हा. आणि आता तिघांनाही ताक जिरवता जिरवता गप्पा मारता येत होत्या, कारण बोलायचं नाही अशी आण कुणी घेतलीच नव्हती. ते सुचायलाच इतकी वर्षं लागली या शहाण्यांना!

आता पुढचं मी सांगतो ते ऐका, पटलं तर घ्या. साळूच्या हातानं जे इतक्या वर्षांत थोडं थोडं झालं, ते बिरूच्या हातानं त्या एका पावसाळ्यात झालं म्हणे. कसं झालं ते जानाईला ठाऊक. नवरात्राच्या सुमारास धुकं वर उचललं आणि साळूनं मान वर करून बघितलं, तर पांढरं कुठं दिसेना. वरची पिवळी, खालची राखाडी, आणि मधली ही, भंडारा पिऊन शेंदरी झालेली. तिन्ही एकमेकींना भिडलेल्या. साळूनं जाणत्यांना बोलावलं नाही. सावली फिरेपर्यंत ती इथंच बसून राहिली, ऊन त्या वीतभर जागेवरून जाईपर्यंत. ऊन गेलं. काही पडलं नाही. मग ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि रेघ ओलांडून चालू लागली.

वरच्या वाड्यात त्या दिवशी जे बारसं झालं तसं कुठं झालं नसेल. पाळण्यात मावायला पोरगी काय तान्ही होती? मग बायकांनी आढ्याला घोंगड्याची झोळी बांधली, आणि लग्नाची घोडनवरी तिच्यात पाय बाहेर सोडून बसली. म्हाळसानं जपून ठेवलेली ती कुंची काढली. ती डोक्यावर जेमतेम वाटीएवढी बसली. सगळ्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. साळू पुढं आली, भाचीच्या कानाशी वाकली, ‘कुर्रर्र’ म्हणाली, आणि इतक्या वर्षांचे साठलेले धपाटे एकदम तिच्या पाठीत बसले. बिचारी हसत होती का रडत होती ते कुणाला कळलं नाही. तेवढ्यात तिनं नाव सांगितलं. पोर जन्मली तेव्हाच ठरवलेलं. हौसा.

आणि गंमत बघा. म्हाळसानं चुलीपाशी जाऊन हाक मारली, ‘हौसा!’ तर पोरगी झोळीत बसलेलीच. ओ देईना. आजवर हाक दुसऱ्यालाच असायची ना! सवयच नव्हती तिला. म्हाळसानं पुन्हा हाक मारली. पोरगी इकडं तिकडं बघायला लागली, कुणाला बोलावताहेत म्हणून.

तेव्हा बिरू घरातून बाहेर पडला. तो तडक या टोकावर आला, जिथून तो आक्काला हाळी द्यायचा. छाती भरून घेतली आणि ओरडला, ‘हौसाऽऽऽ!’ समोरच्या कड्यानं ती हाक उचलली आणि परत पाठवली. बिरूनं पुन्हा मारली. कड्यानं पुन्हा. म्हशी चरायच्या थांबल्या. इतक्या वर्षांत मारायच्या राहून गेलेल्या सगळ्या हाका त्यानं त्या दिवशी मारून घेतल्या म्हणे. शेवटी घरातून खणखणीत आवाज आला, ‘ओऽऽ! आले रे बाबा! किती हाका मारशील?’

तेव्हापासून हे टोक म्हणजे हौसाचा टेंबा. तिचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. दोन्ही वाडे पुढं एका पाण्यावर, एका चराईवर राहिले. आण पुरी झाली, म्हणजे ताक द्यायचं काम संपलं, असं तुम्हाला वाटेल. पण साळू दुसऱ्या दिवशीही डाव घेऊन आली. म्हणाली, खपली धरली म्हणून कुणी लगेच बोट लावत नाही, आत नवी कातडी यायला वेळ लागतो.

आजही दोन्ही वाड्यांत पहिल्या ताकाचा डाव या कातळाचा. आजही कुणाचं कुणाशी वाजलं, तर जाणते त्यांना इथं आणून एकाच तांब्यातून ताक घालायला लावतात. तांब्या एक असला की बोलावंच लागतं, निदान ‘सरक’ तरी म्हणावं लागतं. आणि आजही आमच्यात बारशाला आत्या आधी इथं येते, खालच्या टोकाला ताक घालते आणि मगच भावाचं दार बघते. नाव ठेवून झालं की पोराचा बाप त्या टोकावर जातो आणि पहिली हाक तिथून मारतो.

मघापासून मी खालच्या वाटेकडं का बघतोय, ते आलं ना ध्यानात? आज नातीचं बारसं आहे. माझ्या मुलाची मुलगी. आत्या म्हणजे आमची लेक, यमुना. सकाळच्या एसटीनं निघालीय चिपळूणहून. ती बघा, वळणावर लाल पदर दिसतोय. हातात किटली आहे ती ताकाचीच, पडत-झडत पण स्वतःच्या घरचं घेऊन येते. सरका जरा, पाव्हणं, वाट द्या तिला. आणि तुम्हीही चला वर, घुगऱ्या खाल्ल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

काय म्हणालात? नाव काय ठेवणार? ते मला काय माहीत! ते तिच्या तोंडात आहे. थांबा की जरा. आमची हौसा लग्नाच्या वयापर्यंत थांबली, तुम्हाला घटकाभर दम निघेना?